यादी फायलींची नको, चालणाऱ्या कामांची हवी

भिवंडीत गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं म्हणजे रात्रीची कामं आलीच. माणकोली, दापोडे, काल्हेर या पट्ट्यात दिवसभर माल चढतो-उतरतो. साठ्याचा मेळ, लेबलांच्या फायली, ग्राहकांचे अहवाल हे सगळं मध्यरात्रीनंतर आपोआप व्हावं लागतं. आमच्या छोट्या कंपनीत यातलं बरंचसं गिटहब अ‍ॅक्शन्सवर चालायचं. ही सोय २०१९च्या नोव्हेंबरात सर्वांसाठी खुली झाली. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या प्रत्येकानं एखादा वर्कफ्लो जोडला आणि नोकरी बदलताना तो तसाच मागे ठेवला. एकदा शेठनी विचारलं, "रात्री आपोआप नेमकं काय काय चालतं?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणून यादी काढणारं टूल करायचं ठरलं.

पहिली यादी झटपट झाली. प्रत्येक रिपॉझिटरीतल्या 'वर्कफ्लोज' फोल्डरमधल्या यामल फायली वाचायच्या आणि नावं छापायची. त्या यादीत एका ग्राहकाचा पहाटेचा साठा-अहवाल ठळक दिसत होता, पण ग्राहकाला अहवाल मिळतच नव्हता. कुणीतरी तो वर्कफ्लो गिटहबच्या पानावरून बंद करून ठेवला होता. फाइल जागेवर, काम ठप्प. यादी वाचणारा मात्र निश्चिंत!

तेव्हापासून मी एकच सांगतो. तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडा: फायलीत काय लिहिलंय, गिटहबच्या लेखी तो वर्कफ्लो चालू आहे की बंद, आणि तो शेवटचा यशस्वी कधी झाला. या तिन्हींत तफावत दिसली की तीच ओळ आधी उघडा. खुल्या रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर वेळापत्रकावरचे वर्कफ्लो गिटहब आपणहून बंद करतं. ते फायलीत कुठेच उमटत नाही. वेळापत्रक मुख्य ब्रँचवरच्या फायलीचंच चालतं. दुसऱ्या ब्रँचवर कितीही नीट लिहिलं, तरी घड्याळ ते वाचत नाही.

मोजणीत दोन खड्डे आहेत. गिटहबचा एपीआय काही सांगितलं नाही तर एका वेळी ३० नोंदीच देतो. मागितल्या तर जास्तीत जास्त १००. उत्तरासोबत एकूण आकडाही येतो, त्याच्याशी मेळ घाला. गोदामात चलनावरचे आणि उतरवलेले खोके जुळल्याशिवाय कुणी सही करत नाही, तसंच हे. दुसरा खड्डा यामलचा. वर्कफ्लो कशामुळे सुरू होतो ते 'ऑन' या शब्दाखाली लिहितात, आणि पायथनचा नेहमीचा यामल-वाचक त्या शब्दाचा अर्थ 'खरं' असा लावतो. मग टूल 'ऑन' शोधत बसतं आणि प्रत्येक वर्कफ्लोपुढे रकाना रिकामा येतो.

वेळेचा रकाना भारतीय वेळेतच दाखवा. आमच्या फायलींत वेळ यूटीसीत लिहिलेली असते आणि आपण साडेपाच तास पुढे. सोमवारी पहाटे २चं काम फायलीत रविवारी २०:३०ला दिसतं. तास तर बदलतोच, वारही बदलतो. वर्कफ्लोच्या नावावरही विसंबू नका. एकच नाव दोन फायलींना असू शकतं, म्हणून ओळख फायलीच्या मार्गावरून ठेवा.

एक रकाना बाहेरून आणलेल्या अ‍ॅक्शन्सचा हवाच. २०२५च्या मार्चमध्ये 'टीजे-अ‍ॅक्शन्स' या नावाखालची, बदललेल्या फायली शोधणारी लोकप्रिय अ‍ॅक्शन हल्लेखोरांनी बिघडवली. ती २३ हजारांहून जास्त रिपॉझिटरींत वापरात होती. आवृत्त्यांचे जुने टॅगच घातक कोडकडे वळवल्यानं गुप्त किल्ल्या लॉगमध्ये छापल्या जाऊ लागल्या. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी क्रमांक लिहिला होता, ते वाचले. तुमच्या यादीत कोण टॅगवर आहे आणि कोण क्रमांकावर, हे एका नजरेत दिसलं पाहिजे. टूलच्या टोकनला फक्त वाचण्याची परवानगी द्या. यादी काढणाऱ्याला वर्कफ्लो सुरू-बंद करता येण्याचं कारणच नाही.

रिपॉझिटरी दोन-चारच असतील तर टूल लिहूच नका. गिटहबची 'जीएच' ही कमांड यादी देते. फक्त 'ऑल' हा पर्याय जोडा, नाहीतर बंद वर्कफ्लो ती दाखवत नाही, आणि शोधायचे तर नेमके तेच असतात.

शेवटचे दोन रकाने कुठलाही एपीआय भरून देणार नाही: हे काम कुणाचं, आणि ते एक रात्र झालं नाही तर सकाळी कुणाचा फोन येईल. ते माणसांना विचारून भरा. ज्या वर्कफ्लोपुढे दोन्ही रकाने रिकामे राहतील तो आधी बंद करा, महिनाभर वाट पाहा, कुणी विचारलं नाही तर फाइल काढून टाका.