नोकरीतून धंद्यात येताना सोबत काय येतं? एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्या करिअरमधून ३ धडे



"पंधरा वर्षं नोकरी केली, आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. पण हा अनुभव धंद्यात कामाला येईल का?" हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडतो. म्हणून आज एक करिअर नीट बघूया.

प्रताप चंद्र लाल १९७१ च्या युद्धात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. जानेवारी १९७३ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी इंडियन एअरलाइन्स या सरकारी विमान कंपनीचा कारभार त्यांच्या हाती आला.

धडा १: आधी पाणी जोखा, मग उडी मारा

एअरलाइन त्यांना नवीन नव्हती. हवाई दलात असतानाच, १९५० च्या दशकाच्या शेवटी, ते याच कंपनीचे जनरल मॅनेजर होते. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स हा विमानांचा कारखानाही त्यांनी चालवला. तुम्हाला खानावळ काढायचीय? मग राजीनामा देण्याआधी सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी खानावळीत गल्ल्यावर बसा, भाजी आणायला मंडईत जा.

धडा २: संकटाची तयारी शांततेत होते

१९६५ च्या युद्धात आपली बरीच विमानं तळावर उभ्या-उभ्याच नष्ट झाली होती. त्यानंतर विमानांसाठी भक्कम निवारे बांधले गेले, विमानं विखरून ठेवायची सवय लागली. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या हवाई तळांवर हल्ला केला, तेव्हा नुकसान फारच कमी झालं. तुमच्या धंद्यातला निवारा म्हणजे दुसरा सप्लायर आणि बाजूला ठेवलेलं तीन महिन्यांचं भाडं.

धडा ३: कौशल्य सोबत येतं, पद मागे राहतं

हवाई दलात हुकूम सुटला की काम होतं. एअरलाइनमध्ये कामगार संघटना असतात. १९७३ च्या अखेरीस कामाच्या पाळ्या बदलण्यावरून वाद इतका चिघळला की कंपनीत टाळेबंदी झाली. कोण बरोबर, कोण चूक, हा आपला विषय नाही. पण युद्ध जिंकलेल्या सेनानीलाही तिथे नुसत्या हुकमावर काम करून घेता आलं नाही, एवढं लक्षात ठेवा. तुम्ही आधी मॅनेजर होतात, हे तुमच्या पहिल्या कारागिराला माहीतही नसेल. त्याच्याशी बसून बोलावंच लागेल.

आजचा गृहपाठ

एका कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात "माझ्यासोबत येणार": कौशल्य, शिस्त, ओळखी. दुसऱ्यात "ऑफिसात राहणार": पद, गाडी, कंपनीचं नाव.

आता ओळखींवर पुन्हा एकदा नजर टाका. ती माणसं तुमचा फोन उचलतात, की तुमच्या कंपनीचा? जी नावं कंपनीमुळे होती, ती दुसऱ्या रकान्यात टाका. पहिल्या रकान्यात जे उरेल, तेच तुमचं खरं भांडवल. राजीनामा लिहायचा की थांबायचं, हे ते बघून ठरवा.