बीटी कपाशीची जोखीम : परीक्षण कोठे अपुरे पडले?

सीताबर्डीहून वर्धा मार्गाने निघाले की पांजरी येथे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे प्रक्षेत्र लागते. 1976 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या भोवतालच्याच जिल्ह्यांत बीटी कपाशीच्या पर्यावरणीय जोखमीचा प्रश्न ग्रंथांतून शेतात उतरला.

मार्च 2002 मध्ये केंद्र शासनाच्या समितीने बीटी कपाशीच्या लागवडीस मान्यता दिली. मातीतील एका जिवाणूचे जनुक या वाणात घातलेले असल्याने झाडातच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार होते. परागकण किती दूर जातात, मित्रकीटकांना अपाय होतो काय, प्रथिन जमिनीत टिकते काय, याची तपासणी मान्यतेपूर्वी केली जाते. ती आवश्यकच होय. तथापि, जोखीम मोजताना अपाय घडण्याची शक्यताही पाहावी लागते, आणि ती शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष पीकपद्धतीवर अवलंबून असते.

विदर्भात प्रकर्षाने जाणवली ती किडीच्या प्रतिकारशक्तीची जोखीम. हिरवी बोंडअळी तूर व हरभऱ्यावरही जगते. तेथे वाढलेल्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्तीचा प्रसार मंदावतो. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्याबाबतीत तुरीच्या ओळींचा उपयोग नाही. म्हणून 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. बहुतेक ठिकाणी ते पेरलेच गेले नाही. केवळ अळी पोसण्यासाठी ओळी राखाव्यात, हे शेतकऱ्यास पुरेसे समजावले तरी कोणी होते? शिवाय आपल्याकडील वाण संकरित असल्याने एकाच बोंडात काही सरक्या विषयुक्त, तर काही निर्विष असतात. त्यातच फरदडीमुळे किडीला दीर्घकाळ खाद्य मिळत राहिले.

2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्यावरही मात करून विदर्भात मोठी हानी केली. उलटपक्षी, अमेरिकेतील ॲरिझोनात आश्रय-ओळी दीर्घकाळ पाळल्या गेल्या, पुढे वंध्य पतंगही सोडले गेले. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने आपल्या कपाशी-क्षेत्रातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले.

फरदड न घेता डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढण्याचा निर्णय संपूर्ण गावाने घ्यावा लागतो. एकट्या शेतकऱ्याच्या शिस्तीने पतंग अडत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास उपाय योजावयाचे असतात. जिनिंगमध्ये साठविलेल्या सरकीतूनही पतंग निघतात. म्हणून सापळे तेथेही लावावे लागतात.