फुकटचं पहिलं प्रकरण

नेरूळ, नवी मुंबई

चि. ओंकार,


तुझ्या कादंबरीची पानं मिळाली, आणि सोबत 'मेलुहा'वरचा तुझा संतापही. तीन जाडजूड भाग वाचले आणि शेवटी हाती काही लागलं नाही, म्हणतोस. मग हिरमोड नेमका कुठल्या पानावर झाला ते शोध. 'शेवट फसला' एवढ्याने भागत नाही. शेवट फसतो तो बराच आधी.

मला विचारशील तर 'द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा'चा जीव शिवाच्या संशयात आहे. मानसरोवराकाठचा, चिलीम ओढणारा टोळीप्रमुख. सोमरस पिऊन त्याचा गळा निळा होतो, सगळे त्याला तारणहार म्हणू लागतात, आणि त्यालाच ते पटत नाही. मेलुहाचे शत्रू चंद्रवंशी दुष्ट आहेत असं त्याला सांगितलं जातं, म्हणून तो त्यांच्याशी लढतो, जिंकतो आणि त्यांच्या अयोध्येत गेल्यावर कळतं की तेही याच नीलकंठाची वाट बघत होते! वाईट कोण हे ठरवायचं कसं, हा केवढा मोठा प्रश्न अमीश त्रिपाठींनी तिथे टाकलाय. 2013च्या तिसऱ्या भागात उत्तर येतं : तोच सोमरस. उत्तर चांगलंच आहे, मी नाव ठेवणार नाही. पण ते सापडताच शिवाचा संशय संपतो आणि उरतात सैन्याच्या हालचाली. त्याची बायको सती मारली जाते, मेलुहाच्या राजधानीवर, देवगिरीवर, पाशुपतास्त्र सुटतं, आणि अयोध्येत हादरलेला तो माणूस मला कुठेच दिसत नाही.

'मेलुहा' आधी अनेक प्रकाशकांनी नाकारलं होतं, ठाऊक आहे ना? 2010मध्ये त्याचं पहिलं प्रकरण छापून दुकानांतून फुकट वाटलं, आणि लोक पुढचं विकत घ्यायला आले. सुरुवात जमली की असं होतं. मग त्या सुरुवातीला जागणं लेखकाला जड जातं.

आता तुझं. दिवाळे कोळीवाड्याजवळ ओहोटीला निवट्या धरणारी म्हातारी, मांडीपर्यंत गाळात. हाताला मासा लागायच्या ऐवजी दाराची कडी लागते. वा! पण पुढे सात राज्यं, तीन शाप, उडणारे घोडे, आणि म्हातारी गायब. अरे, खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. दार ओहोटीलाच उघडत असेल, तर भरतीला आत अडकलेल्याचं काय? ही अडचण तूच उभी केलीस आणि तूच विसरलास. तुझी कादंबरी तिथेच आहे. घोडे काढ. शाप एक पुरे. म्हातारीला मुळात आत जायचंय का, आणि बाहेर तिच्या टोपलीची वाट कोण बघतंय, ते आधी ठरव.

आणि शेवटचं प्रकरण आत्ताच लिहून टाक, कच्चं का असेना. रविवारी येशील तेव्हा तेवढंच घेऊन ये. त्या सात राज्यांचा नकाशा घरीच राहू दे.

तुझी,
आत्या