शिकवणारे रुग्णालय म्हणजे काय?

रोग्याला मुंबईच्या केईएममध्ये न्या, असे सांगितले की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, तिथं शिकाऊ डॉक्टर प्रयोग करतात म्हणे?" या भीतीपोटी काही जण जाण्यास उशीर करतात आणि तेवढ्यात रोग बळावतो. म्हणून आज या रुग्णालयाची ओळख करून घेऊ.

परळचे केईएम रुग्णालय व त्याला जोडलेले शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. दोन्ही संस्था मुंबई महानगरपालिका चालवते. महाविद्यालय सध्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. इंग्रजी अमलातही येथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण येथेच केले. रोगी काही तासच जगला, पण वाट खुली झाली. १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी येथे टेस्ट ट्यूब बेबी जन्मली.

आता 'शिकाऊ' डॉक्टरांविषयी. वॉर्डात दिसणारे निवासी डॉक्टर एम.बी.बी.एस. होऊन पुढे एम.डी. किंवा एम.एस. करीत असतात. प्रत्येक रोगी एका 'युनिट'कडे सोपवला जातो. निवासी डॉक्टर हकिगत लिहून घेतात, त्यांचे वरिष्ठ ती पडताळतात आणि राउंडच्या वेळी प्राध्यापक पुन्हा तपासतात. तेच तेच प्रश्न विचारले गेले तरी कंटाळू नये. पहिल्याच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दुसऱ्याला सापडते. नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर नीतिमत्ता समितीची परवानगी व रोग्याची लेखी संमती लागते. नकार दिल्यास नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. समजल्याशिवाय सही मात्र करू नये.

गैरसोयी आहेतच. गर्दी असते, रांगेत तास जातात, कधी खाटही लवकर मिळत नाही. म्हणून साधा ताप किंवा नेहमीची रक्तदाबाची गोळी यासाठी एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही.

जाताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) जुने कागद, एक्स-रे तारखेनुसार लावून न्यावेत. चालू औषधांची पाकिटे सोबत असावीत.

२) आपले युनिट कोणते व त्याची ओपीडी कोणत्या वारी, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. फेरतपासणीला त्याच वारी जावे.

३) रेशन कार्ड व आधार कार्ड न्यावे. सरकारी योजनेसाठी ती लागतात. पैशाची अडचण असल्यास समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे.

४) डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे व परतल्यावर आपल्या गावच्या डॉक्टरांना दाखवावे. पुढची औषधे, टाके काढणे, तपासण्या हे सारे त्यावरूनच ठरते.