आधी काम विचार

पोरी, भामरागडला तुझी नेमणूक झाली आणि पुढेमागे एखाद्या खाणीत कामगारांची सिस्टर व्हायचं तुझ्या मनात आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. पण ते शिकायला खाणीच्या नोकरीची वाट बघू नकोस. तुझ्यापुढे येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट कामगारच असणार. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदू, पावसात धानाची रोवणी, मग बांबू, आणि कितीतरी जण मिरची तोडायला तेलंगणात.

केसपेपरावर नाव, गाव, वय झालं की लगेच काम लिही. रामाझ्झिनी नावाच्या इटलीतल्या डॉक्टरनं 1700 साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं आणि सगळ्या डॉक्टरांना हेच विचारायला सांगितलं. नुसतं 'मजुरी' लिहू नकोस, त्यातून काही कळत नाही. कुठे, काय, किती वर्षं, ते लिही. खडी क्रशरवरच्या माणसाचा जुना खोकला टीबी समजला जातो, औषधं चालू राहतात आणि दम वाढतच जातो. दगडाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसचा संशय तुझ्या त्या एका ओळीवरून येतो. दोन्ही रोग एकत्रही असतात, म्हणून दोन्ही तपासायला सांग. पुढे भरपाई मागायची वेळ आली तर तोच कागद त्याच्या बाजूनं बोलेल.

तेंदूच्या हंगामात सिकलसेलच्या पेशंटना सगळ्यात जास्त जप. पहाटे जंगलात जायचं, दुपारी 70-70 पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, न्यायचे. यात पाणी प्यायचं राहूनच जातं. अंगातलं पाणी कमी झालं की वाकड्या रक्तपेशी अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. मुकादम म्हणेल, ढोंग करतो. तू त्याचं ऐकू नकोस. हंगाम लागायच्या आधीच आशाताईला घेऊन गावातल्या अशा पेशंटची यादी काढ, त्यांना सावलीतलं, पुडे बांधायचं काम द्यायला लाव आणि पाण्याचं भांडं सोबत ठेवायला सांग. माडिया बोलणारी आशाताई जवळ असली की निम्मी विचारपूस सोपी होते. उन्हातून बरळत आलेल्या माणसाच्या अंगावर आधी पाणी ओत, वारा घाल. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नकोस.

मोहाखाली पहाटे अस्वलंही येतात. बायकांना एकटीनं जाऊ नका, बोलत जा, असं सांग. जखम झालीच तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धू, आणि रेबीजची लस विसरू नकोस.

साप रोवणीत चावतो, तसा जमिनीवर झोपलेल्यालाही चावतो. मण्यारच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतच नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही म्हणत कुणी आलं, की रात्री कुठे झोपला होता ते विचार. घोणसचा संशय असेल तर कोरड्या काचेच्या नळीत रक्त घे, वीस मिनिटं हलवू नकोस. नंतर तिरपी करून बघ, गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. उपचारासाठी आधी पुजाऱ्याकडे जाऊन आलेल्यावर रागावू नकोस. रागावलीस तर त्या गावचा पुढचा पेशंट तुझ्याकडे येणारच नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात 1973 पासून लोकांचा विश्वास असाच, हळूहळू जमवला गेला.

उद्या शेजारच्या एटापल्लीत सुरजागडच्या लोहखाणीवर गेलीस किंवा चंद्रपूरच्या कोळसा खाणीत, तर कामावर घेतानाच प्रत्येकाचे कान आणि फुफ्फुसं तपासून नोंद ठेव. आधीची नोंद नसली की पुढचं नुकसान कामामुळे झालं हे दाखवता येत नाही. अमेरिकेत 1895 साली व्हरमाँटच्या संगमरवर कंपनीनं नेमलेली एडा स्टुअर्ट कामगारांच्या घरी सायकलनं जायची. तूही घर बघून ये, चूल आणि पाणी बघ.

आणि रिपोर्ट कामगाराचा असतो. मालकाला एवढंच लिहून दे: हे काम याला झेपेल, झेपणार नाही, किंवा याला धुळीतून हलवा. रोगाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नकोस, मग समोर साहेब असो की ठेकेदार.