विजेची शेगडी आणि ६ अँपिअरचा प्लग

घरांतील विजेची एक शेगडी घ्या. दाब २३० व्होल्ट, प्रवाह ८.७ अँपिअर. दाबास प्रवाहानें भागिलें कीं तारेचा रोध मिळतो, सुमारें २६ ओहम. दोहोंचा गुणाकार केला कीं शक्ति मिळते, सुमारें २००० वॅट. ह्यांपैकीं पहिला संबंध गेओर्ग ओहम ह्या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. परंतु हा हिशेब परीक्षेपुरताच नव्हे. हीच शेगडी ६ अँपिअरच्या प्लगास जोडली, तर तेथील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढून मर्यादेच्या दुपटीहून अधिक होते. मग प्लग काळवंडतो, फ्यूजची तार वितळते, आणि कित्येक वडील मंडळी (क्षमा असावी!) तिच्या जागीं जाडशी तांब्याची तार गुंडाळतात. त्यानंतर जळावयास भिंतींतील तार तेवढी उरते.