बारावा खेळाडू आणि वाणीचं तप



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५.

सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप, पंधराव्यात वाणीचं आणि सोळाव्यात मनाचं. वाणीच्या तपाला अटी घातल्या आहेत. बोलणं ऐकणाऱ्याला उद्विग्न करणारं नसावं, ते खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचंही असावं. त्याला जोड स्वाध्यायाची. मी हा श्लोक आजवर ऑफिसमधली भांडणं डोळ्यांसमोर ठेवून वाचत आलो. या महिन्यात मात्र तो मला क्रिकेटच्या मैदानाबाहेर, स्कूटरवर बसून शिकावा लागला.

झालं असं. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे. लेगस्पिन टाकतात. यंदा एका क्लबच्या चौदा वर्षांखालच्या टीममध्ये निवड झाली, तेव्हा घरात पेढे आले. टीममध्ये पंधरा मुलं, खेळणार अकरा. पहिल्या पाच सामन्यांत हा दोनदा अकरांत आला. त्यातल्या एका सामन्यात नवव्या नंबरवर चार बॉल खेळला, दुसऱ्यात बॅटिंगच आली नाही. दोन्ही मिळून ओव्हर टाकल्या दोन. बाकीचे तीन रविवार पांढरे कपडे घालून पाण्याच्या बाटल्या नेल्या आणि परत आणल्या.

पाचव्या सामन्यानंतर परत येताना मी स्कूटरवरच सुरू झालो. "तुमच्या सरांना काही कळत नाही. त्या अमक्याला दर वेळी बरी बोलिंग मिळते, त्याचे बाबा सारखे सरांशी बोलत असतात ना!" मागून काहीच उत्तर नाही. घराखाली आल्यावर किट बॅग उतरवताना तो शांतपणे म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी तू नाही आलास तरी चालेल."

त्याला टीममध्ये जागा मिळत नव्हती हे दुःख होतंच. पण आता मलाही त्याच्याजवळ जागा उरली नव्हती. आणि ती सरांनी काढून घेतली नव्हती, माझी मीच घालवली होती.

त्या आठवड्यात रोज सकाळी हा एकच श्लोक वाचला. एकेक अट घेऊन स्वतःला तपासलं. जे हाती लागलं ते मांडतो.

पहिली अट: उद्वेग होऊ नये

मी जे बोललो ते सरांबद्दल होतं, मुलाला एक शब्दही वाईट बोललो नव्हतो. तरी उद्वेग त्यालाच झाला. कारण मंगळवारी आणि गुरुवारी त्याच सरांसमोर त्याला नेट्समध्ये उभं राहायचं होतं. ज्या माणसाकडून शिकायचं त्याच्याबद्दलचा आदर मी घरून निघतानाच काढून घेत होतो. आणि ज्या मुलाचं नाव घेतलं, तो याचा मित्र.

मग मी ठरवलं, आता गप्प बसायचं. पुढच्या रविवारी खरंच गप्प बसलो. चेहरा मात्र आंबट. इथे गीतेतली एक बारीक गोष्ट लक्षात आली. मौन हे भगवंतांनी वाणीच्या तपात घातलेलंच नाही. ते पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात आहे, प्रसन्नता आणि सौम्यपणा यांच्या शेजारी. म्हणजे तोंड बंद आणि आत धुसफूस, याला मौन म्हणत नाहीत. मुलांना ती धुसफूस शब्दांपेक्षा स्पष्ट ऐकू येते.

दुसरी अट: सत्य

आपण भाविक लोक इथे एक सोपी चूक करतो. "थांब रे, देव सगळं बघतोय, तुझी वेळ येणारच!" असं म्हणतो. हे खरं आहे का? मला माहीत नाही. मग मी ते देवाच्या नावावर कसं सांगू?

अमोल मुजुमदारांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९८८ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी आझाद मैदानावर नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसले होते मुजुमदार. त्यांची पाळी आलीच नाही. पुढे त्यांनी मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा जमवल्या, आणि तरीही भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते.

ही गोष्ट मी मुलाला सांगितली, पण "बघ, शेवटी फळ मिळालं" असं शेपूट जोडलं नाही. कारण त्यांना खेळाडू म्हणून जे हवं असणार, ते मिळालं नाही हेही तितकंच खरं आहे. मिळालं ते वेगळंच, आणि ते येईपर्यंत त्यांनी खेळाची साथ सोडली नव्हती. एवढंच सत्य पुरेसं आहे. त्याने विचारलं, "मग त्यांना वाईट वाटलं असेल ना?" मी म्हटलं, "वाटलं असेल. तुलाही वाटतंय ना?" त्याने मान हलवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याने ते कबूल केलं.

तिसरी अट: प्रिय

प्रिय बोलणं म्हणजे कौतुकाचा मारा नाही. "तूच बेस्ट आहेस" हे गोड आहे, पण खरं नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाला ते कळतं. मग प्रियही आणि खरंही असं काय उरतं? मला ते शोधावं लागलं. राखीव बसलेला असताना तो स्कोअर लिहिणाऱ्या दादाशेजारी बसून स्कोअरबुक भरायला शिकला होता, आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. पुढच्या वेळी घरी येताना मी एवढंच विचारलं, "मधल्या ओव्हरमध्ये त्यांच्या धावा एकदम का थांबल्या रे?" तो सिग्नलवरसुद्धा थांबेना! कोणी कुठे टप्पा टाकला, कोण स्वीप मारायला जाऊन फसला, सगळं सांगत राहिला. तो न खेळता सामना खेळला होता. बाहेर बसून नुसता चिडलो होतो तो मी.

चौथी अट: हित

हिताचं बोलायचं तर सरांशी बोलणं टाळून चालणार नव्हतं. पण कोणी, कधी आणि काय? आमच्या घरी ठरलं की आधी त्यानेच विचारायचं. सामन्याच्या दिवशी नाही, सरावाच्या दिवशी. "मला का घेत नाही?" असं नाही, तर "जास्त खेळायला मिळावं म्हणून मी काय सुधारू?" असं. उत्तर सरळ मिळालं. बॉल छान वळतो, पण एका ओव्हरमध्ये दोन-तीन शॉर्ट पडतात. आणि बाउंड्रीवरून थ्रो कीपरपर्यंत पोचत नाही.

ज्ञानेश्वर माऊलींनी या श्लोकावर परिसाचा दाखला दिला आहे. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्याचं वजन कमी करत नाही. सरांचं बोलणं तसं होतं. उणीव दाखवली, पण मुलगा लहान झाला नाही. माझं बोलणं नेमकं उलट होतं. मी त्याची बाजू घेत होतो आणि तो लहान होत होता.

नंतर मी स्वतः सरांना भेटलो. दुसऱ्या कुठल्याही मुलाचं नाव काढायचं नाही, हा नियम घालून गेलो. या हंगामात त्याला साधारण किती खेळायला मिळेल, एवढंच विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की फार नाही. मग रविवार सोडून सोसायटीच्या टीममध्ये तो खेळू लागला. तिथे चार-चार ओव्हर मिळतात. वाढत्या वयात शिकायला सामने लागतात, आणि ते मोठ्या नावाच्या टीममध्येच मिळायला हवेत असं नाही. हे मी प्रवेश घेतानाच विचारायला हवं होतं. पेढ्यांच्या नादात राहून गेलं.

माऊलींचा आणखी एक दाखला आहे. पाणी झाडाला घातलं की आजूबाजूचं गवतही आपोआप जगतं. तसं एकाशी बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. मैदानाच्या कट्ट्यावर आम्ही चार पालक बसून काय बोलतो, ते शेजारी बॅट घेऊन बसलेली सगळी मुलं ऐकत असतात. पाणी काय किंवा विष काय, गवतापर्यंत दोन्ही पोचतं.

आजचा अभ्यास

तुमच्यापैकी अनेकांना मुलं नसतील. पण प्रमोशन हुकलेला मित्र असेल, नाटकात छोटी भूमिका मिळालेली बहीण असेल. त्यांच्याशी आज बोलण्याआधी चार प्रश्न विचारा. यानं त्यांची घालमेल वाढेल का? हे मला खरंच माहीत आहे का? यात आपुलकी आहे का? आणि यातून त्यांना उद्या काही करता येईल का? चारांपैकी एकाचं जरी उत्तर अडलं, तर शब्द थोडे थांबवा. आणि थांबवताना चेहऱ्याकडेही लक्ष असू द्या.

आमच्याकडे चमत्कार झालेला नाही. गेल्या रविवारीही तो बारावाच होता. एकाच्या पायात गोळा आला म्हणून सहा ओव्हर बदली फिल्डर म्हणून आत गेला. बाउंड्रीवरून एक थ्रो केला, तो एका टप्प्यात कीपरच्या हातात. बदली खेळाडूला बॅटिंग नाही, बोलिंग नाही, स्कोअरबुकात त्या थ्रोची नोंदही नाही.

काल रात्री बॅग भरताना मात्र तो म्हणाला, "बाबा, रविवारी सातला निघायचंय. येतोयस ना?"

राम कृष्ण हरी!